इराची आई आणि आपलं जुनं भांडण

प्रिय मन्या,

पाठ आता बरी आहे, गोळ्या बंद झाल्या, तो विषय इथेच संपवतो. मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, आणि बाकीचे त्यातलं एकेक पात्र वठवणारे, अशा आमच्या फाशांच्या खेळात शनिवारी जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगता येईना. ताईशी बोललो असतो, पण ती त्याच टेबलावर बसते आणि मुखवट्यामागे कोण आहे हे तिला अजून कळायचंय. पत्र जपून ठेव.

छोटीचं पात्र म्हणजे इरा, तिच्या पूर्वायुष्याचं ते एक पान मी तुला वाचून दाखवलं होतं. आई एका रात्री कंदील घेऊन नदीपार गेली ती गेलीच. आई तिला 'चिमणे' म्हणायची. आणि शेवटी छोटीने माझ्यासाठी लिहिलेली ओळ: 'ती सापडलीच पाहिजे असं नाही. का गेली, एवढं कळू दे.' पात्राची बॅकस्टोरी म्हणून मला याहून जास्त काही नको असतं. बाकीच्यांचं तुला माहीतच आहे. आईबाप मेलेले, गाव जळालेलं, भाऊबहीण नाहीतच, कारण डीएमच्या हाती ओलीस द्यायला कुणी तयार नसतं. बापूने तर वहीभर इतिहास लिहिला आणि त्यात तो सोडून एकही जिवंत माणूस ठेवला नाही! त्याचा घोडासुद्धा पहिल्या पानावर मरतो.

तर, गावं लुटणाऱ्या टोळीतली राखाडी मुखवटेवाली म्हणजेच इराची आई, हे मी सुरुवातीलाच ठरवलं. धागेदोरे जस्टिन अलेक्झांडरच्या तीन क्लूंच्या नियमाप्रमाणे पेरले. आठवतं, २००८ मधला तो लेख तूच मला वाचायला लावला होतास: खेळाडूंनी जो निष्कर्ष काढावा असं वाटतं, त्याच्यासाठी किमान तीन क्लू ठेव, कारण एक त्यांच्या नजरेतून सुटतो, दुसऱ्याकडे ते दुर्लक्ष करतात आणि तिसऱ्याचा अर्थ चुकीचा लावतात. माझे तीन होते: टोळीच्या हिशेबाच्या वहीतलं अक्षर, कैद्याच्या तोंडी आलेलं अंगाईगीत आणि आईची अंगठी. फाशांवर एकही सोडला नाही. लपलेलं शोधायचा 'स्पॉट हिडन'चा फासा चुकला आणि सगळा तपास कपाटाबाहेर अडून बसला, हे 'कॉल ऑफ कथुलू'मध्ये आपण पुष्कळ भोगलंय. रॉबिन लॉजच्या गमशू या तपासाच्या खेळांच्या नियमावलीतली पद्धत मला म्हणूनच पटते. योग्य कौशल्य असलेला माणूस योग्य जागी शोधायला लागला की मुख्य क्लू त्याला मिळतोच, आणि खरा खेळ त्याचा अर्थ लावण्यात असतो.

शनिवारी त्यांना तिन्ही क्लू मिळाले. एकही सुटला नाही, आणि तिन्हींचा अर्थ त्यांनी भलताच लावला! त्यांच्या मते आई त्याच रात्री मेली. टोळीतल्या कुणीतरी तिला वाचवायचा प्रयत्न केला, तिचं अक्षर गिरवलं, तिचं गाणं शिकलं, अंगठी जपली, आणि आता तिच्या नावाने मुखवटा घालून वावरतंय. ताईने मांडणी केली, बापूने ती आणखी घट्ट केली. छोटी बराच वेळ गप्प होती. मग इराच्या आवाजात म्हणाली, "म्हणजे ती मला सोडून गेली नव्हती."

मन्या, त्यानंतर कुणी फासे उचलले नाहीत. मी सेशन तिथेच थांबवलं.

माझ्या वहीत लिहिलंय की आई स्वतःहून गेली. सत्तेच्या मोहाने गेली. म्हणजे छोटीने त्या क्षणी जे धरलं, ते पुढच्या दोन सेशनांत मी तिच्या हातून काढून घेणार. ते करायचं का?

तू आता तुझ्या खेळातला तो मिठाच्या खाणीतला खून काढणार. काढ. कारभारी खुनी आहे हे मी ओळखलं आणि तू रातोरात पुजाऱ्याला खुनी केलंस. मी तेव्हा जे बोललो त्यातला एक शब्दही आज मागे घेत नाही. क्लू म्हणजे डीएमने दिलेला शब्द असतो. खेळाडूचा बरोबर आलेला तर्क हाणून पाडण्यासाठी उत्तर बदलायचं म्हणजे त्याने विश्वासाने केलेलं सगळं काम पुसून टाकायचं. पण इथे गोष्ट वेगळी आहे. इथे तर्क चुकलाय, आणि तरीही तो माझ्या उत्तरापेक्षा मोठा आहे.

ताईबरोबर 'ब्रिंडलवुड बे' खेळलो तेव्हा मला असला त्रास अजिबात झाला नव्हता. तिथे रहस्याचं उत्तर आधी ठरलेलंच नसतं. खेळाडू क्लू जोडून तर्क मांडतात, दोन फासे टाकतात, क्लूंची संख्या मिळवतात, रहस्याची काठिण्यपातळी वजा करतात, आणि तर्क खरा की खोटा ते फासे सांगतात. पण ते पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत असतं. माझ्या टेबलावर उत्तर आहे असं मी सांगितलंय. लोक त्या भरवशावर रात्री जागून नकाशे काढतात.

म्हणून मी स्वतःपुरता एक नियम केलाय: जे टेबलावर बोललं गेलं ते घडलं, जे फक्त माझ्या वहीत आहे तो मसुदा. या नियमाने आई जिवंतच राहते. कारण अगदी सुरुवातीला, पुलावर, मुखवटेवाली इराला सोडून देताना म्हणाली होती, "जा, चिमणे." ताईच्या नोंदवहीत ते नक्की असणार. ती कधीतरी पानं उलटेल आणि त्यांची सगळी मांडणी कोसळेल. पण आई का गेली, हे मात्र टेबलावर कुणी उच्चारलेलं नाही. ते मला बदलता येतं. समजा, टोळीला पोरगी हवी होती आणि आईने तिच्याऐवजी स्वतःला दिलं. मग छोटीचं वाक्य खरं राहतं, आणि मुखवटा उतरतो तेव्हा जास्त जिव्हारी लागतं. फक्त, आई फार सोज्ज्वळ होते रे. इतकी वर्षं गावं लुटणारी बाई एका कारणाने धुऊन निघावी, हे मला पटत नाही. त्यागासाठी गेली आणि मग सत्ता आवडायला लागली, असं केलं तर? यावर तुझं मत मला हवंय.

आणि खरी काळजी पुढेच आहे. 'चिमणे' हा शब्द छोटीने स्वतः लिहिलेला. पुलावर तो ऐकला तेव्हा तिने माझ्याकडे एकदा पाहिलं होतं. शनिवारी तिने तो काढला नाही. तिला आठवला नाही, की आठवूनही तिने तिकडे पाठ फिरवली? विसरली असेल तर मी पुढे जायला मोकळा आहे. पण जाणूनबुजून आईला मेलेली मानत असेल, तर ती मला काहीतरी सांगतेय आणि मी ते ऐकलं पाहिजे. खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीत, सेशन झिरोला, तिने आईचा विषय मोकळा ठेवला होता, पण तेव्हा इरा कागदावर होती. आता ती तिच्या आत आहे.

मी तिला फोन करणार आहे. मुखवट्याबद्दल चकार शब्द काढणार नाही. एवढंच विचारीन, की इराला अजूनही 'का' कळायला हवंय का. ती हो म्हणाली तर आई समोर येईल. नको म्हणाली तर मुखवटेवालीला नदीपार पाठवून बापूच्या घोड्याचा खून उकलायला घेऊ.

तुझी नवी नोकरी कशी चाललीय? बाळ रात्री झोपू देतं का? काकूंना नमस्कार सांग. घर बदललंस तर पत्ता कळव, तुझे जुने नकाशे माझ्याकडेच आहेत.

आईच्या कारणाचं मात्र शुक्रवारच्या आत लिही. आणि तू पुजारी का निवडलास, तेही एकदाचं सांगून टाक. रागावणार नाही. तेव्हा तू ते कुणासाठी केलंस, हे मला आता खरंच जाणून घ्यायचंय.

तुझाच,
अण्णा