हिंग लावूनही न विचारलेलं नाणं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला प्राचीन नाण्यांवरचा लेख आवडीने वाचला. पण सायरीनच्या चांदीच्या नाण्याखाली ‘पानाफुलांची नक्षी’ एवढंच लिहून आपण मोकळे झालात, तिथे मी अडखळलो. मसाल्याच्या दुकानात गल्ल्यावर बसून माझी एकतीस वर्षं गेली, त्यातली बरीचशी हिंगाच्या डब्यांशेजारी. त्या नाण्यावर नक्षी कसली, अख्ख्या शहराचा विकाऊ माल आहे तो! आणि माल कोणता, तर हिंगाचा सख्खा नाही तरी चुलत भाऊ शोभेल असा.

सायरीन हे आजच्या लिबियातलं शहर, ग्रीकांनी इ. स. पू. सातव्या शतकात वसवलेलं. तिथल्या माळरानावर सिल्फियम नावाची वनस्पती आपसूक उगवायची. तिच्या मुळाचा आणि देठाचा चीक काढायचा, सुकवायचा आणि ग्रीस-रोमच्या स्वयंपाकघरांकडे रवाना करायचा. या व्यापारावर शहर गबर झालं आणि त्यांनी तेच झाड नाण्यावर ठोकलं. एका बाजूला मेंढ्याची शिंगं असलेला झ्यूस-आमोन देव, दुसऱ्या बाजूला सिल्फियम. माझ्या मुलीने लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधून अशाच एका नाण्याचा फोटो पाठवला होता, तो मी मोबाइलवर बोटांनी ताणून ताणून पाहिला. खांबासारखा जाड देठ, त्यावर उभ्या शिरा, दोन्हीकडे फुटलेली पानं आणि शेंड्याला बडीशेपेच्या फुलोऱ्यासारखा गोल झुबका. हिंगाच्या झाडाचा फोटो शेजारी ठेवून बघा, घराणं एकच वाटतं.

खरी गंमत पुढे आहे. थिओफ्रास्टस या ग्रीक वनस्पतिशास्त्रज्ञाने लिहून ठेवलंय की अथेन्सच्या बंदराकडे पाठवायचा सिल्फियमचा चीक भांड्यात घालून, त्यात पीठ मिसळून बराच वेळ हलवत, म्हणजे तो नासत नसे. हे वाचून मी एकटाच हसलो. आमच्याकडचा बांधानी हिंग दुसरं काय असतो? मैदा किंवा तांदळाचं पीठ, डिंक आणि त्यात थोडा असली हिंग. गिऱ्हाईक दर वेळी विचारतं, “शुद्ध आहे ना?” आणि मी दर वेळी सांगतो, शुद्ध खडा तुम्हाला आमटीत सोसायचा नाही. पुढे रोमन काळात बाजारात भेसळही आली. थोरला प्लिनी हा रोमन लेखक तक्रार करतो की लोक डिंक आणि कुटलेल्या शेंगांचे दाणे मिसळतात. दोन हजार वर्षांत धंद्याची रीत फारशी बदललेली दिसत नाही!

एका जुन्या रोमन पाककृतिसंग्रहात तर काटकसरीची युक्ती दिली आहे. बरणीत या चिकाबरोबर वीसेक चिलगोजे ठेवायचे. स्वयंपाकाला चीक काढायचाच नाही. वास लागलेले चार चिलगोजे कुटून घालायचे आणि तेवढेच नवे बरणीत टाकायचे. माझी आई लोणचं भरण्याआधी चिनीमातीच्या बरणीला हिंगाची धुरी द्यायची, निखाऱ्यावर चिमूटभर हिंग आणि वर पालथी बरणी. हिशोब तोच, माल कमी आणि वास जास्त.

किंमत विचाराल तर प्लिनीच सांगतो: यादवी युद्धाच्या सुरुवातीला ज्युलियस सीझरने सरकारी खजिन्यातून सोन्याचांदीबरोबर दीड हजार पौंड सिल्फियमचा चीक बाहेर काढला. रोमन पौंड आपल्या सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सुमारे ४९० किलो. मसाला तिजोरीत! त्यानंतर शंभरेक वर्षांत ही वनस्पती जवळजवळ संपली. ती पेरून येत नसे, ओरबाडून काढायला मात्र सगळे पुढे. त्यातच जमिनी मक्त्याने घेतलेल्यांनी जास्त नफ्यासाठी तिथे मेंढरं चारली. (ही पानं खाऊन मेंढी झोपायची आणि शेळी शिंकायची, असंही प्लिनी लिहितो. शेळीचं मला पटतं. खडा कुटताना आमच्या दुकानातला पोऱ्या काही वेगळं करत नाही.) शेवटी एकच देठ सापडला, तो नीरो बादशहाला नजर म्हणून पाठवला. ‘हिंग गेला पण वास राहिला’ असं आपण म्हणतो. इथे वासही गेला, नाण्यावरचं चित्र तेवढं राहिलं.

मग रोमच्या आचाऱ्यांनी इराणकडचा बदली माल घेतला, तो म्हणजे हिंग. त्याची ओळख ग्रीकांना आधीपासून होती. सिकंदराचं सैन्य हिंदुकुश ओलांडत होतं, रसद संपली आणि ओझ्याची जनावरं मारून कच्चंच मांस खायची पाळी आली, तेव्हा ते पचवायला तिथल्या ‘सिल्फियम’ने हात दिला, असं स्ट्राबो हा ग्रीक भूगोलकार सांगतो. त्या मुलखातला सिल्फियम म्हणजे हिंगच असणार. अफगाणिस्तानचा हिंग आजही आमच्या बाजारात येतो. भारतात हिंगाचं पहिलं रोप लावलं गेलं ते हिमाचल प्रदेशातल्या लाहौलमध्ये, पालमपूरच्या हिमालयीन जैवसंपदा संस्थेने, १५ ऑक्टोबर २०२० रोजी. तोवर आपण पिढ्यान्‌पिढ्या परक्या मुळाच्या चिकावर वरणाला फोडणी देत आलो. सिल्फियमचं म्हणाल, तर इस्तंबूलचे संशोधक महमूत मिस्की यांनी २०२१ मध्ये तुर्कस्तानातली फेरुला या वंशातली एक वनस्पती तीच असावी असं मांडलं. हिंगाचं झाडही याच फेरुला वंशातलं. त्यांचा दावा टिकेल की नाही, ते जाणकार ठरवतील.

खाण्यापिण्याची चित्रं असलेली प्राचीन ग्रीक शहरांची नाणी आणखी पुष्कळ आहेत. मेटापोंटमचं सातूचं कणीस, अक्रागासचा खेकडा, सिझिकसचा टूना मासा, मेंडेचं गाढवावर रेलून पेला धरलेलं मद्यदैवत. आपल्या नव्वदच्या दशकातल्या स्टीलच्या रुपयावरही आकड्याच्या दोन बाजूंना कणसं होती. माझ्या गल्ल्यात अजून दोन-तीन पडली आहेत. एकाही गिऱ्हाइकाने कधी ती कणसं कशाची म्हणून विचारलेलं नाही.

पुढच्या पुरवणीत दुरुस्ती छापलीत तर फोटोखाली ‘सिल्फियम’ असं नाव घाला. आणि फोटो तोच, पण जरा उजळ द्या. शेंड्याचा झुबका शाईत पार बुजला होता.

आपला,
एक मसालेवाला वाचक, सातारा