होबोंची बोली आणि मालगाडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या ‘होबो’ लोकांच्या, म्हणजे मालगाड्यांवरून चोरून प्रवास करणाऱ्या फिरत्या मजुरांच्या, बोलीवर आलेला लेख वाचला. मराठीत या विषयावर क्वचितच कोणी लिहितं, म्हणून आनंद झाला. मात्र लेखात सगळे शब्द चटकदार म्हणून एका माळेत ओवले गेले आणि ते कशातून घडले हे सांगायचं राहून गेलं. ही बोली मालगाडीवर तयार झाली. गाडीच्या कुठल्या भागात बसलं तर माणूस वाचतो आणि कुठे बसलं तर जिवाला मुकतो, याचं बरंचसं ज्ञान तिच्यात साठलेलं आहे.

लेखात होबो, ट्रॅम्प आणि बम हे तिन्ही शब्द ‘भटके’ या एकाच अर्थाने आले आहेत. होबो कामाच्या शोधात फिरतो. ट्रॅम्प फिरतो, पण शक्यतो काम टाळतो. बम फिरतही नाही आणि कामही करत नाही. ही उतरंड त्या लोकांनीच लावली होती आणि होबोला बम म्हटलेलं मुळीच खपत नसे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गव्हाची कापणी जूनच्या सुमारास ओक्लाहोमात सुरू होऊन उत्तरेकडे सरकत उन्हाळ्याच्या अखेरीस डकोटात पोचायची आणि मजूर तिच्या मागोमाग मालगाडीने जायचे. हिवाळ्यात लाकूडतोड किंवा गोठलेल्या तळ्यांवरचा बर्फ कापायचं काम. नेल्स अँडरसन या समाजशास्त्रज्ञाने १९२३ साली केलेल्या अंदाजानुसार वर्षाला तीन ते पाच लाख बेघर माणसं एकट्या शिकागोतून ये-जा करत.

आता ‘रायडिंग द रॉड्स’ घ्या. लेखात त्याचा अर्थ ‘रेल्वेने फुकट जाणे’ एवढाच दिला आहे. जुन्या लाकडी मालडब्यांचा तळ मध्यभागी खचू नये म्हणून खाली लांबीभर लोखंडी गज ताणून बसवलेले असत. त्यांवर फळी आडवी टाकून माणूस पडून राहायचा, खाली काही इंचांवर खडी आणि रुळांखालचे आडवे स्लीपर. गाडीचे ब्रेक सांभाळणाऱ्या ब्रेक्समनला, होबोंच्या बोलीत ‘शॅक’ला, सुगावा लागला की तो दोरीला डबे जोडायची जड पिन बांधून डब्याखाली सोडायचा. धावत्या गाडीखाली ती पिन स्लीपरवर आपटून वर उसळायची, पुन्हा आपटायची आणि गजांवरच्या माणसाला ठेचून काढायची. १८९४ मध्ये स्वतः असा प्रवास केलेल्या लेखक जॅक लंडनने हे लिहून ठेवलं आहे. पुढे पोलादी सांगाड्याचे डबे आले, गज गेले, वाक्प्रचार तेवढा उरला.

‘रीफर’ म्हणजे फळं वाहून नेणारा शीतडबा. त्याच्या दोन्ही टोकांना बर्फाचे हौद असत आणि हौदांची तोंडं छतावर. हौद रिकामा असेल तर वाऱ्यापासून आडोसा म्हणून माणूस त्यात उतरायचा. पण वरचं झाकण आपटून बाहेरून अडकलं तर ते आतून उघडत नसे. म्हणून जाणता माणूस झाकणाच्या फटीत लाकडाचा ठोकळा अडकवल्याशिवाय आत उतरायचा नाही. साध्या मालडब्याचंही तेच. त्याला ते थाटात ‘साइड-डोअर पुलमन’ म्हणायचे (पुलमन म्हणजे आगगाडीचा आलिशान शयनडबा), पण गाडीने करकचून ब्रेक लावला की ते जड सरकतं दार धाडकन बंद होतं. म्हणून दाराच्या खाचेत रुळाचा खिळा किंवा लाकूड ठोकायचं. उघड्या डब्यात लाकडाचे ओंडके किंवा पाइप असतील तर त्यांच्या टोकाशी कधीच बसायचं नाही, कारण धक्क्यासरशी माल पुढे सरकतो आणि मधला माणूस चिरडतो.

‘ऑन द फ्लाय’ म्हणजे धावती गाडी पकडणं. हात डब्याच्या पुढच्या शिडीलाच घालायचा असे. तिथून पकड सुटली तर माणूस डब्याच्या भिंतीवर आपटून बाहेर पडतो. मागच्या शिडीवर तोच झोका त्याला दोन डब्यांच्या मधल्या फटीत, म्हणजे थेट चाकांखाली नेतो. इतकं सांभाळूनही पाय गमावलेले लोक खूप होते. मरणाला त्यांनी ‘पश्चिमेची गाडी पकडली’ असं म्हटलं, ते याच प्रवासातून.

रेल्वेच्या पोलिसाला ‘बुल’ म्हणत. एकट्या सदर्न पॅसिफिक रेल्वे कंपनीने मंदीच्या काळात, १९३२ मध्ये, सहा लाख ऐंशी हजारांहून अधिक वेळा लोकांना गाड्यांवरून उतरवल्याची नोंद आहे.

लेखातला ‘जंगल’चा भाग मात्र फारच तोकडा वाटला. जंगल म्हणजे रुळांजवळचा तळ. जागा यार्डापासून फार दूर नको, पाणी, सावली, सरपण आणि जवळपास गाव हवं. बटाटा, कांदा, मिळालं तर मांस, ज्याच्याकडे जे असेल ते पत्र्याच्या डब्यात पडायचं आणि त्याचा ‘मलिगन’ नावाचा रस्सा शिजायचा. तिथले गुन्हे अँडरसनने नोंदवले आहेत: धाडीचा धोका असलेल्या तळावर रात्री जाळ करणं, सरपण न आणता स्वयंपाक करणं, अन्न वाया घालवणं, भांडी खरकटी टाकून जाणं. दुसऱ्यांच्या उरल्यासुरल्यावर जगत तळावर ठाण मांडणारा तो ‘बझर्ड’, गिधाड. झोपलेल्याला लुबाडणं याला तिथे ‘हायजॅक’ म्हणत. आपली वर्तमानपत्रं विमानांपासून सभांपर्यंत सर्रास वापरतात तोच हा शब्द. कपडे उकळून उवा मारण्याला ‘बॉइल अप’, आणि उवांना ‘क्रम्ब्ज’. उकळायचा डबा स्वयंपाकाच्या डब्यापासून वेगळा ठेवावा लागतो हे उघड आहे.

शेवटचा मुद्दा चिन्हांचा. लेखासोबत मांजर, वर्तुळं, बाण अशा ‘गुप्त होबो लिपी’चा तक्ता छापला आहे. असे तक्ते वर्तमानपत्रांनी आणि मासिकांनी लोकप्रिय केले. होबो ही लिपी रोज वापरत, याला भरवशाचा पुरावा फार थोडा आहे आणि अभ्यासक त्याबद्दल साशंक आहेत. रस्त्यावरचं टोपणनाव, म्हणजे ‘मॉनिका’, लिहून जाण्याची रीत मात्र पक्की होती. वाफेचं इंजिन पाणी भरायला थांबायचं, म्हणून नाव पाण्याच्या टाकीवर कोरायचं, सोबत तारीख आणि निघाल्याची दिशा. जॅक लंडनला कॅनडात माँट्रियलजवळ ‘स्कायसेल जॅक’ हे नाव असंच दिसलं, सोबत ‘पश्चिमेकडे’ आणि १८९४ सालची तारीख. त्या नावाच्या मागावर तो कॅनडाभर फिरला.

पुढच्या भागात तो तक्ता पुन्हा छापणार असाल तर त्याखाली तो शंकास्पद असल्याची ओळ टाकावी. आणि जमल्यास त्याच्याऐवजी या टाक्यांवरच्या किंवा मालडब्यांवरच्या नावांची छायाचित्रं द्यावीत, ही विनंती.

आपला,
एक वाचक, मिरज