उरलेल्या पिवळ्याबद्दल

प्रिय आई आणि बाबा,

फोनवरच बोलले असते, पण बाबा फोन स्पीकरवर ठेवतात आणि इरा शेजारीच बसलेली असते, म्हणून लिहितेय. आधी सांगून टाकते, रागावू नका, मी अंडेवाल्या काकांना सांगितलंय की सोमवारपासून आठवड्याला डझनाऐवजी अर्धाच डझन द्या. पैसेही पाठवलेत. इराला रोज एक अंडं पुरे, रविवारी ती माझ्याकडेच असते.

म्हणजे तुमचं काही चुकतंय असं अजिबात नाही. माझी पोर तुमच्या जिवावर वाढतेय, मी काय बोलणार. पण ती दोन अंड्यांचं पांढरं तेवढं खाते, पिवळं ताटलीत राहतं, आईला अन्न टाकवत नाही, मग बाबा उचलतात. रोजचे दोन बलक म्हणजे साधारण ३७० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल, कारण अंड्यातलं जवळजवळ सगळं कोलेस्टेरॉल पिवळ्यातच असतं. धडधाकट माणसाला रोजच्या एका अंड्याने काही होत नाही हे मलाही माहितीये, पण मिरजेच्या दवाखान्यातलं सगळं झाल्यावर डॉक्टरांनी बाबांना आठवड्यातून तीनदा एक अंडं, एवढंच सांगितलंय. आई, तू तिथेच होतीस.

बाबा, मी लहान असताना मला पिवळंच हवं असायचं, तेव्हा तुम्ही म्हणायचात मला पांढरंच आवडतं. मीठ-मिरपूड लावून चिमटीत धरून भरवायचात, कारण मी सगळा भुगा फ्रॉकवर सांडायचे. आता नातीला पांढरं हवं तर तुम्हाला पिवळं आवडायला लागलं. तुम्हाला खरं काय आवडतं ते मला अजूनही माहीत नाही हो. विचारलं तरी तुम्ही सांगणार नाही.

तर आई, आता तू नीट ऐक. काही टाकायचं नाहीये. सहातले दोन बलक बाबांचे, एक तुझा, उरलेले तीन इराच्याच पोटात जायला हवेत, कारण अ आणि ड जीवनसत्त्व पिवळ्यातच असतं, पांढऱ्यात नाहीच. उकडलेला बलक चमचाभर तुपात बोटांनी अगदी मऊ कुस्कर, गुठळी राहू देऊ नकोस, आणि कणकेत घाल, वर हळद, तीळ, ओवा. हळदीमुळे रंग कळत नाही. माझ्याकडे असा पराठा तिने दह्याबरोबर गपचूप खाल्ला. नाहीतर रश्श्याच्या वाटणात एक-दोन बलक वाटून टाक, खोबरं कमी लागतं आणि रस्सा छान दाटतो. रस्सा बंद करा असं मी म्हणतच नाहीये, बाबांनी पोटभर खावा, फक्त त्या आठवड्यात बाबांच्या दोनातला एक त्यात धरायचा.

आणि एक, तू अंडी गॅसवर ठेवून देवपूजेला बसतेस ना, ती फार शिजतात. मग पिवळ्याभोवती हिरवट काळं कडं येतं. ते खराब नसतं, पांढऱ्यातलं गंधक आणि पिवळ्यातलं लोह एकत्र आलं की तसं होतं, पण वास येतो आणि बलक कोरडा भुसभुशीत होतो, मला वाटतं इरा त्यालाच तोंड वाकडं करते. पाणी उकळलं की दहा मिनिटं, आणि लगेच गार पाण्यात. अंड्याचं ते वेगळं पातेलं हँडलला हलतंय, ते काढून टाक, मी नवीन आणतेय, जुन्याएवढंच, तुझ्या शेगडीवर नीट बसेल असं.

बलक उरलाच तर झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये, दोन दिवसांच्या आत संपव. झाडांना घालू नकोस, मुंग्या येतात.

बाबा, संध्याकाळी भूक लागली तर डब्यात भाजलेले चणे भरून ठेवलेत, वरच्या फळीवर, स्टुलावर चढू नका, आईला नाहीतर इराला सांगा. गोळी जेवणानंतर, आधी नाही. आणि शनिवारी मी आले की तुमच्या वाटणीचं अंडं मी सोलून देणार, आख्खं, पांढऱ्यासकट.

तुमची,
सोनू