मोरचुदाची बरणी

आदरणीय बाई,

तुमचं नाव लिहायचं नाही ही तुमचीच अट. ती पाळते, पण आभार मात्र सगळ्यांसमोर मानणार आहे.

गेल्या आषाढात आमच्या फोंड्याच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ब्लॉक, म्हणजे तपासणीसाठी मेणात बसवलेले शरीराचे तुकडे, बिघडू लागले. मेणाच्या आधीचं द्रावण, झायलीन, दुधाळ व्हायचं, तुकडा आतून मऊ राहायचा, मायक्रोटोमवर, म्हणजे पातळ काप काढायच्या यंत्रावर, सेक्शन फाटायचं. त्यातच एका बाईंच्या मानेच्या गाठीचा तुकडा होता. पुन्हा बायोप्सी करा, असं त्यांना कुठल्या तोंडानं सांगायचं? रात्री तुम्हाला फोन केला आणि सकाळच्या पहिल्या कदंबा बसनं तुम्ही हजर!

तुम्ही आधी तो ब्लॉक वितळवायला लावलात. मेणातून झायलीन, तिथून नवं अ‍ॅब्सोल्यूट, म्हणजे बिनपाण्याचं, अल्कोहोल. आल्या वाटेनं तुकडा मागे नेलात आणि सावकाश परत आणलात. दुसऱ्या दिवशी चार मायक्रॉनच्या कापांची सलग रिबन निघाली. त्या बाईंना पुन्हा सुई टोचावी लागली नाही. हे मी विसरणं शक्य नाही.

मग दोष दाखवलात. तुकड्यातलं पाणी ज्यानं काढायचं ते अल्कोहोलच पावसाळी हवेतलं पाणी ओढून घेत होतं. तुकड्यात पाणी उरलं की झायलीन शिरत नाही, आणि झायलीन शिरलं नाही तर मेणही नाही. उपाय काय, तर मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट! आमच्या कुळागरात पोफळींवर चुन्याबरोबर फवारतात तेच. चिनीमातीच्या बशीत ते पांढरं होईपर्यंत तापवायचं, शेवटच्या अल्कोहोलच्या बरणीच्या तळाशी पसरायचं, वर फिल्टर पेपर. अल्कोहोलमध्ये पाणी आलं की मोरचूद निळं होतं, म्हणजे अल्कोहोल बदलायचं. किती महिने आम्ही अंदाजानं अल्कोहोल बदलत होतो, कधी चांगलं ओतून देत होतो, कधी खराब वापरत होतो!

हिमॅटॉक्सिलिनच्या रंगानंतर पेशींची केंद्रकं निळी न होता लालसर राहायची, तेही विहिरीच्या आंबट पाण्यामुळे, हे तुम्हीच ओळखलंत. आता पाण्यात अमोनियाचे दोन-चार थेंब घालतो.

तुकडा कुजू नये म्हणून आधी ज्यात ठेवतात त्या फॉर्मॅलिनवर मात्र तुम्ही एक पैसा वाचवू दिला नाहीत. तुकड्याच्या निदान दहापट, आम्लता सांभाळणारं बफर घातलेलं, ताजं. तिथं कुजलं ते पुढं कशानंच सुधारत नाही, हे तुम्ही रागावूनच सांगितलंत. बरं झालं रागावलात.

काल दुपारी बरणीचा तळ निळा झाला. अल्कोहोल बदललं, मगच बॅच लावली.

तुमची विद्यार्थिनी,
फोंडा