गुन्ह्यांचा तक्ता द्या, नावे काढून: गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

गुन्हेशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात सांख्यिकी शिकवतात ती बहुधा विद्यार्थ्यांच्या उंचीवर आणि परीक्षेतल्या गुणांवर. पुढे ज्या नोंदींवर या मुलांना काम करायचे, त्या नोंदी वर्गात येतच नाहीत. आमची मागणी एकच: सीसीटीएनएसमधील (पोलीस ठाण्यांच्या नोंदींच्या देशव्यापी संगणकीय जाळ्यातील) गुन्ह्यांचा तक्ता, नावे-पत्ते काढून, शिक्षणासाठी आणि संशोधनासाठी खुला करावा.

गुन्हे आढावा बैठकीचेच उदाहरण घेऊ. समजा, एका ठाण्याच्या हद्दीत गेल्या महिन्यात १२ घरफोड्या झाल्या, या महिन्यात ७. कागदावर ‘४२ टक्के घट’ येते आणि प्रभारींची पाठ थोपटली जाते. पुढच्या महिन्यात पुन्हा १२ झाल्या की ‘७१ टक्के वाढ’ आणि त्याच अधिकाऱ्याला कारणे दाखवा. आता हिशेब नीट करू. दोन महिन्यांत मिळून घटना १९. नाणे १९ वेळा उडवले, तर १२-७ किंवा त्याहून विषम वाटणी सुमारे ३६ टक्के वेळा निव्वळ योगायोगाने पडते. म्हणजे या घटीवरून काहीही ठरत नाही. हाही अंदाज कमीच आहे, कारण घरफोड्या सुट्या-सुट्या होत नाहीत. एक टोळी एका रात्रीत एकाच सोसायटीतले चार फ्लॅट फोडते. त्यामुळे आकड्यांची चढउतार पॉयसाँ सूत्राने (घटना एकमेकींपासून स्वतंत्र धरणाऱ्या) येते त्याहून मोठी असते. अशा वेळी ही जादा चढउतार सामावून घेणारे निगेटिव्ह बायनॉमियल प्रारूप वापरावे लागते. नाहीतर नसलेले फरक ‘सिद्ध’ होतात. हे पुस्तकात एका परिच्छेदात असते. पण आपल्याच जिल्ह्याच्या ठाण्यांचे ३६ महिने समोर मांडून सरासरी आणि प्रचरण (आकड्यांच्या पसाऱ्याचे माप) शेजारी-शेजारी काढून बघितल्याशिवाय कोणाच्या डोक्यात शिरत नाही.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. आपण मोजतो ते घडलेले नव्हे, नोंदलेले गुन्हे. देशात २०१२ साली बलात्काराचे २४,९२३ गुन्हे नोंदले गेले, २०१३ साली ३३,७०७. त्याच वर्षी कायद्यातली व्याख्या रुंदावली, असा गुन्हा नोंदवून न घेणाऱ्या पोलिसाला शिक्षेची तरतूद झाली आणि दिल्लीच्या घटनेनंतर समाजही बोलू लागला. यातल्या कशामुळे किती वाढ, हे एकूण बेरजेतून कधीच कळणार नाही. मध्य प्रदेशात १८० पोलीस ठाण्यांवर महिला मदत कक्षाचा प्रयोग झाला. कक्ष कोणत्या ठाण्यांना द्यायचे, हे लॉटरीने ठरवले होते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की कक्ष असलेल्या ठाण्यांत महिलांच्या तक्रारींची नोंद वाढली. केवळ बेरीज पाहणाऱ्याला ही चांगली ठाणी वाईट दिसली असती! आणि लॉटरी कशाला? कारण सर्वात वाईट आकड्यांची दहा ठाणी निवडून तिथे गस्त वाढवली, तर पुढच्या वर्षी आकडा बहुधा उतरतोच, गस्त नसती तरी. टोकाचा आकडा सरासरीकडे सरकतो. सीसीटीव्हीच्या यशाचे अहवाल वाचताना हे ध्यानात ठेवावे.

आता तक्त्याकडे. एफआयआरच्या नमुन्यात घटनेची वेळ ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशी दोन रकान्यांत असते. गणपतीला शुक्रवारी संध्याकाळी सहाला गावी गेलेले कुटुंब सोमवारी सकाळी सहाला परतते आणि कुलूप तुटलेले पाहते. कालावधी ६० तास. नवखा विद्यार्थी मधली वेळ घेतो आणि आलेखात शनिवारच्या मध्यरात्री खोटा उंचवटा तयार होतो. मग त्यावर गस्तीचे वेळापत्रक बेततात. बरोबर रीत अशी: त्या घरफोडीचा १/६० भाग प्रत्येक तासाला द्यायचा आणि सर्व गुन्ह्यांचे भाग तासवार बेरजेला घ्यायचे. त्यासाठी दोन्ही वेळा तक्त्यात हव्यात. एकच ‘घटनेची वेळ’ दिली तर काम तिथेच बिघडले.

गुन्हा, आरोपी आणि पीडित यांचे तक्ते वेगळे ठेवावेत आणि तिन्हींत एक सामाईक सांकेतिक क्रमांक असावा. तिन्ही एकत्र जोडून दिले, तर चार आरोपी आणि तीन पीडित असलेला एक गुन्हा १२ ओळींचा होतो आणि बेरीज फुगते. एफआयआरमधील सर्व कलमे हवीत, केवळ सर्वात गंभीर कलम नको. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात एका एफआयआरचा एकच मुख्य गुन्हा मोजतात, त्यामुळे त्याच एफआयआरमधले बाकीचे गुन्हे बेरजेत दिसत नाहीत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्याने जुन्या-नव्या कलमांची जुळणीही सोबत द्यावी. हिसकावून चोरीला आता स्वतंत्र कलम ३०४ आहे, पूर्वी नव्हते. जुळणी नसेल तर २०२४ च्या मध्यावर आलेख उगाच तुटलेला दिसेल. तपासाच्या स्थितीत दोषारोपपत्र, ए, बी, सी समरी (खटल्याविना तपास बंद करण्याचे अहवाल) आणि ‘तपास चालू’ हे सगळे ठेवावे. चालू प्रकरणे वगळून तपासाचे सरासरी दिवस काढले, की रेंगाळलेलीच नेमकी गळतात आणि तपास झटपट झाल्यासारखा वाटतो.

गोपनीयतेचा आक्षेप येईल. तो रास्त आहे, पण आजची स्थिती उलटी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर संवेदनशील गुन्हे सोडून एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकले जातात, फिर्यादीच्या नावासकट, एकेक पीडीएफ. म्हणजे नावे जगाला दिसतात आणि संशोधकाला हवा असलेला बिननावाचा तक्ता मात्र मिळत नाही. शिकागो २००१ पासूनच्या गुन्ह्यांच्या नोंदी घर क्रमांक झाकून, फक्त ब्लॉकपर्यंत देते. आपल्याकडे पत्त्याऐवजी बीट (ठाण्याच्या हद्दीतला गस्तीचा छोटा भाग) क्रमांक पुरेल. लैंगिक आणि पोक्सोचे गुन्हे तक्त्यात नकोत. त्यांची जिल्हावार मासिक बेरीज द्यावी.

सुरुवात घरफोडी आणि वाहनचोरीने, एका आयुक्तालयाच्या पाच वर्षांच्या नोंदींनी करता येईल. नाशिकच्या पोलीस अकादमीत आणि विद्यापीठांत ६० तासांचा अभ्यासक्रम त्यावर बसेल. त्यातले निम्मे तास नोंदी साफ करण्याला द्यावे लागतील: एकाच रस्त्याची पाच स्पेलिंगे, ‘पर्यंत’च्या आधी न येणारे ‘पासून’, कोरे रकाने. आर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, तेव्हा वित्त विभागाला विचारायची गरज नाही.

आपले,
गुन्हेशास्त्र आणि सांख्यिकीचे काही शिक्षक