ताक पाजा, पण शिंपला विसरू नका

मा. संपादक,

सध्या आमच्या विट्याकडं ज्याला बघावं तो जुन्या लेयर (अंड्यांसाठी पाळलेल्या) कोंबड्यांना प्रोबायोटिक (पोटाला चांगल्या जिवाणूंची) पावडर नाहीतर ताक द्यायला लागलाय, आणि विकणारे बिनधास्त सांगतायत की अंडी वाढतील म्हणून. अहो, ७२ आठवडे ओलांडलेली कोंबडी आहे ती, तलंग (कोवळी कोंबडी) नव्हे! प्रोबायोटिकनं पोट जरा ठीक राहतं, तेवढं मान्य. पण वय झालं की अंडं मोठं होतं अन् कॅल्शियम अंगी लागायचं कमी होतं, म्हणून कवच पातळ, ट्रे उचलला की एखादं पिचकलंच. एका कवचात दोनेक ग्रॅम कॅल्शियम जातं, ते ताकातून कुठनं येणार? त्याला शिंपल्याचा जाड चुराच पाहिजे, तोही संध्याकाळच्या खाद्यात, कारण कवच मुख्यतः रात्री बनतं. ताक द्या की, पण थोडं, आणि जस्ती पत्र्याच्या भांड्यात नको, आंबट लागून जस्त उतरतं. दुधातली साखर कोंबडीला नीट पचत नाही, जास्त झालं की हगवण आणि लिटर (खाली अंथरलेला भुसा) ओलं. पशुसंवर्धन खात्यानं गावोगाव येऊन हे एकदा सांगावं, नाहीतर पावडरवाल्यांचीच चंगळ.

– एक पोल्ट्रीवाला, विटा, जि. सांगली