कोर्तेसचं कौतुक पुरे

संपादक साहेब,

कोर्तेस या स्पॅनिश सरदाराने मूठभर सैनिकांनिशी मेक्सिकोतलं अ‍ॅझ्टेक साम्राज्य जिंकलं असं आपल्याकडे अजून बिनधास्त सांगतात, अहो 1521 मध्ये साम्राज्याची राजधानी तेनोच्तित्लान पडली तेव्हा कोर्तेसच्या बाजूने त्लाश्काला या अ‍ॅझ्टेकांच्या शत्रू-राज्याचे हजारो लोक लढत होते आणि त्याच्या आदल्याच वर्षी देवीच्या साथीने शहर पोखरलेलं, राजा क्वित्लावाक पण त्यातच गेला. खरा छळ तर नंतर, एन्कोमिएंडा नावाच्या स्पॅनिश पद्धतीत गावंच्या गावं एकेका स्पॅनिश माणसाला तोडून दिली, वरून वेठबिगारी अन् वसुली. मंदिरं पाडून त्याच दगडांची चर्च (नरबळी होते, मान्य, पण म्हणून हे?). अ‍ॅझ्टेकांची भाषा नाहुआत्ल आजही 10 लाखांहून जास्त लोक बोलतात. पिंपळगावच्या मार्केटला टोमॅटो येतो तोही मूळचा तिकडचाच, रविवार पुरवणीत यावर छापा की काहीतरी.

– एक वाचक, नाशिक